मार्लिसचे आठ स्क्रू

मार्लिस स्टकी तोंडात खिळे धरून काम करायची. अठराव्या वर्षी ती गावाजवळच्या शवपेट्यांच्या कारखान्यात लागली, तिथली ही सवय. पेटीला आतून सॅटिनचं अस्तर लावायचं, त्याला बारीक खिळे लागायचे. एका हाताने कापड ताणून धरलेलं, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे धरणार कुठे? तिथल्या जुन्या बायका चिमूटभर खिळे तोंडात टाकायच्या आणि जिभेने एकेक ओठांशी आणून ठेवायच्या. हातोडीच्या टोकाला चुंबक असे, ते खिळा उचलायचं, की ठक. पहिल्या आठवड्यात मार्लिसने दोन खिळे गिळले आणि दोन दिवस पोट धरून बसली. शेजारच्या बाकावरची ओटिली म्हणाली, "जातील गं. माझे चार गेले, पाचव्याची वाट बघतेय." पुढे मार्लिसच्या जिभेला डोळे फुटले. खिळा पाव इंचाचा की अर्ध्याचा, टोक सरळ की वाकडं, हे ती न बघता सांगायची.

अकरा वर्षांनी कारखाना बंद पडला. तेव्हा तिने घराच्या गॅरेजात एक भारी शिलाई मशीन मांडलं आणि गाड्यांची सीटं शिवायला घेतली. इंडियानातल्या त्या भागात हिवाळा लांब असतो, आणि हिवाळ्यात ज्याच्या त्याच्या गॅरेजात एखादी जुनी गाडी उघडी पडलेली असते. छप्पर कापलंय, इंजिन बाहेर काढलंय, दारं भिंतीला टेकून उभी आहेत. सगळं जमवून झालं की शेवटी माणसं मार्लिसकडे यायची. "सीटं तेवढी राहिलीत," म्हणायची, आणि अशा गाड्यांचा शो दोन आठवड्यांवर आलेला असायचा. नळ्यांसारख्या फुगीर पट्ट्यांची शिलाई तिच्यासारखी त्या जिल्ह्यात कोणाची नव्हती. तीस वर्षांत तिच्या हातची किती सीटं शोमध्ये जाऊन आली याचा हिशेब तिने ठेवला नव्हता. सीट बघायला कोणी वाकत नाही, माणसं इंजिन बघतात.

काळजी हा तिचा दुसरा धंदा. मुलगी ब्रेना नऊ वर्षांची असताना बर्फामुळे शाळेची बस वीस मिनिटं उशिरा आली. तेवढ्या वेळात मार्लिसने शाळा, शेरीफ आणि बस चालवणाऱ्याची बायको अशा तिघांना फोन केले होते. ब्रेनाला गाडी चालवायचा परवाना मिळाला तेव्हा पहिले दोन आठवडे ती तिच्या मागे मागे आपली गाडी घेऊन जायची. तिला दिसू नये म्हणून मध्ये दोन गाड्या सोडून. साऱ्या गावाला दिसायची. नवरा वेंडल लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. तो म्हणे, "मी महिन्याचे वीस दिवस बर्फात असतो त्याचं काही नाही. पोरगी दूध आणायला गेली, की हिच्या पोटात गोळा."

ब्रेना आता अठ्ठावीस वर्षांची होती आणि ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डिंग करायची. सहा वर्षांपूर्वी धान्याच्या कोठारामागे तिला छत्तीस सालच्या फोर्ड कूपेचा गंजका सांगाडा सापडला. तेव्हापासून तिच्या सुट्ट्या, हिवाळे आणि एक ठरत आलेलं लग्न, सगळं त्या गाडीत गेलं. छप्पर साडेतीन इंच कापून तिने खाली आणलं. पत्रा ठोकला, इंजिन बांधलं, बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा रंगही स्वतःच मारला. फक्त सीटं आणि आतलं चामडं आईकडे होतं. शोमध्ये लोक विचारत, "गाडी वडिलांची का?" ब्रेना म्हणे, "वडिलांची नाही. आणि नवऱ्याचीही नाही, कारण तो झालाच नाही."

मागच्या वर्षी शोच्या हॉलमध्ये मार्लिसने माती खाल्ली होती. गाडी नुसती दाखवायला नेली होती, स्पर्धेत नव्हती. मार्लिसला पेट्रोलचा वास आला. ती अग्निशमन खात्याच्या निरीक्षकाकडे धावली. त्याने पूर्ण रांग रिकामी केली, चाळीस गाड्यांचे मालक पाऊण तास बाहेर थंडीत उभे राहिले. शेवटी निघालं काय, तर शेजारच्या डब हॅनलीने हात पुसायला आणलेल्या थिनरची बाटली कलंडली होती. डबने ती गोष्ट वर्षभर तीन जिल्ह्यांत सांगितली. ब्रेना आईला काही बोलली नाही. यंदा नाव नोंदवल्यावर मात्र तिने मार्लिसला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं.

"मॉम, एक वचन दे. हॉलमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत काय बिघडू शकतं यावर एक शब्द नाही. मला नाही, दुसऱ्या कोणालाही नाही."

"आणि खरंच काही बिघडलं तर?"

"तर ते मला दिसेल. गाडी मी बांधली आहे."

मार्लिसने वचन दिलं होतं.

*

बंद हॉलमधल्या शोचे नियम कडक असतात. टाकीत पाव भागापेक्षा जास्त पेट्रोल नको, टाकीचं झाकण टेप लावून बंद, बॅटरीची केबल सोडवून तिचं टोक गुंडाळलेलं. एवढं झालं की निरीक्षक काचेवर तपासणीचा स्टिकर लावतो आणि मग तीन दिवस त्या गाड्या मुक्या उभ्या राहतात. पण मोठ्या बक्षिसाच्या गाड्यांना शनिवारी दुपारी एकदा बोलावं लागतं. गाडी हॉलच्या मोठ्या दाराशी ढकलत न्यायची. निरीक्षकासमोर बॅटरी जोडायची, इंजिन चालू करायचं, दिवे दाखवायचे आणि आपल्या लांबीइतकं अंतर स्वतःच्या जोरावर पुढे जायचं. दहा मिनिटं मिळतात. जी चालली नाही ती गाडी नव्हे, शोभेचा पुतळा; तिचं नाव त्याच क्षणी कापलं जातं. त्या शनिवारी अशा नऊ गाड्या होत्या, त्यांतून पाच रविवारच्या फेरीला जाणार होत्या. ब्रेनाचा नंबर सातवा.

दोन चाळीसला मार्लिस दोरीच्या आत, गाडीमागच्या घडीच्या खुर्चीत बसली होती. शेजारी डब हॅनली आपल्या नारिंगी पिकअपसमोर पसरून डुकराच्या मांसाचं तळलेलं सँडविच खात होता. मांस पावाच्या बाहेर दोन्हीकडे लोंबत होतं.

"काय मार्लिस, आज कसला वास?"

"तुझ्या सँडविचचा."

"निरीक्षकाला बोलावू का?"

ती हसली. ब्रेना पुढे गुडघ्यांवर बसून चाकांवरचा न दिसणारा धुरळा पुसत होती. दोन्ही दारांवर परीक्षकांची कागदी पट्टी चिकटली होती. आतल्या कामाचे गुण सकाळीच देऊन झाले होते, आता दार उघडणार ते परीक्षकासमोरच. मुख्य परीक्षक हेलेन ड्रॉयर ही सीटांवरून हात फिरवून म्हणाली होती, "मार्लिस, अशी शिलाई आता शिकवायलासुद्धा कोणी उरलं नाही." मार्लिसचे कान लाल झाले होते.

ब्रेनाच्या जॅकेटची बाही उसवलेली तिला दिसली. दोरा कापायला म्हणून तिने आपल्या कामाच्या एप्रनच्या खिशात हात घातला. कात्री लागली, आणि तिच्याखाली स्क्रूंचं एक पाकीट लागलं.

बाराचं पाकीट. अर्धा इंची, चकचकीत, घुमटाकार डोक्याचे. पाकीट फोडलेलंच नव्हतं.

आधी तिला काहीच वाटलं नाही. मग तिने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

पुढच्या काचेखाली, पाय ठेवायच्या जागी, दोन्ही बाजूंना एकेक चामडं मढवलेलं पॅनल होतं. ही दोन पॅनल तिने मंगळवारी बसवली होती, प्रत्येकाला चार असे आठ स्क्रू. ते अर्धा इंचीच हवे होते, कारण उजव्या पॅनलच्या मागून बॅटरीची मुख्य केबल जायची. ब्रेनाने बॅटरी डिकीत ठेवली होती आणि बोटभर जाड केबल उजव्या बाजूने पुढे इंजिनापर्यंत आणली होती. तिने आईला बजावलंही होतं, "उजवीकडे लांब स्क्रू नको." लांब म्हणजे एक इंची, डिकीतल्या लाकडी फळ्यांसाठी आणलेले. दोन्हींची डोकी सारखीच. आत गेल्यावर कोणता कुठला हे ब्रह्मदेवालाही कळू नये.

मार्लिसला कळायला हवं होतं. तिने आठही स्क्रू तोंडात धरले होते.

पण मंगळवारी सकाळी तिची दाढ काढली होती. डॉक्टरने घरी जाऊन पडून राहा म्हणून सांगितलं. शो तीन दिवसांवर आला होता, म्हणून ती तिथून तडक गॅरेजात गेली. अर्धा जबडा बधिर, जीभ लाकडाची. ओठातून लाळ गळत होती ती पुसत पुसत तिने काम संपवलं. त्या दिवशी तिच्या तोंडात काय होतं हे तिच्या तोंडाला ठाऊकच नव्हतं.

तिने पुन्हा खिशात हात घातला. लांब स्क्रूंचं पाकीटही होतं, फोडलेलं, पण त्यातले डिकीत किती गेले हे तिने मोजलं नव्हतं. शिवाय घरी, मशीनच्या खणात, अर्धा इंची सुटे स्क्रू कायम पडलेले असायचे. त्यातले उचलले असतील. बहुतेक त्यातलेच. खण उघडल्याचं आठवतंय का? आठवत नव्हतं. न उघडल्याचंही आठवत नव्हतं.

हे खरं भय की नेहमीचं? तिला फरक कळेना. बस उशिरा आली तेव्हाही छाती अशीच धडधडली होती, आणि बाटली कलंडली तेव्हाही.

एक गोष्ट मात्र पक्की होती. सोमवारपासून त्या गाडीत वीज खेळलीच नव्हती. ब्रेनाने काम करायला म्हणून बॅटरी सोडवली ती सोडवलेलीच होती. बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेलं मीठ तळाला लागू नये म्हणून गाडी दोरखंडाने ओढून ट्रेलरवर चढवली आणि हॉलमध्येही ढकलतच आणली. स्क्रूने केबलचं रबर फाडलं असेल, तर ते आज पहिल्यांदा कळणार होतं. स्क्रू बॉडीच्या पत्र्यात, पत्रा बॅटरीच्या दुसऱ्या टोकाशी. केबलमधलं तांबं स्क्रूला टेकलं की ठिणगी, आणि मग आग.

लांब दाराशी पहिल्या गाडीचं इंजिन भडकून उठलं. हॉलभर टाळ्या पडल्या.

"डब," ती हळूच म्हणाली, "बॅटरीच्या मुख्य केबलला फ्यूज असतो का रे?"

डबने घास चावून गिळला. "नसतो. असता तर स्टार्टरच्या पहिल्या झटक्याला उडाला असता. का?"

"सहज."

"मार्लिस." त्याने सँडविच मांडीवर ठेवलं. "पोरीचा आज दिवस आहे. बसून राहा. लांडगा आला, लांडगा आला म्हणून ओरडायला तुला पुढचं वर्ष मोकळं आहे."

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हणू नकोस, म्हणून तर सांगतोय."

दुसरी गाडी चालू झाली. तिसरी पहिल्यांदा खोकली आणि विझली, मालकाने कपाळाला हात लावला, मग तीही उठली. हेलेनच्या मागे घड्याळ घेऊन एक माणूस उभा होता आणि दर गाडीला उरलेली मिनिटं मोठ्याने सांगत होता.

मार्लिस उठून ब्रेनापाशी गेली. "बाही उसवलीय तुझी. थांब."

"आत्ता?"

"एक मिनिट लागेल."

ब्रेनाने हात पुढे केला. मार्लिस टाके घालू लागली.

"ब्रेना, ते उजवीकडचं पॅनल..."

"मॉम."

"मी एवढंच विचारते की केबल त्याच्या मागे किती..."

"मॉम, तू काय म्हणाली होतीस टेबलाशी बसून?" आवाज चढलेला नव्हता, पण ब्रेनाच्या हनुवटीखालची शीर उडत होती. "मी रात्री तीनदा उठून उलटी केलीय. मला आत्ता फक्त चोक, क्लच आणि ब्रेक एवढं डोक्यात ठेवायचंय. तुझी भीती ठेवायला जागा नाहीये तिथे."

मार्लिसने दोरा दाताने तोडला. "बरं," ती म्हणाली.

चौथी. पाचवी. सहाव्या नंबरच्या काळ्या गाडीला जागेवरून हलवायला चार माणसं आली, आणि त्यांच्यामागे ब्रेनाच्या गाडीला हात लावायला डब आणि अजून तिघं. मार्लिसनेही मागच्या चाकावरच्या फेंडरला तळवा टेकवला. बर्फासारखा गार पत्रा. ढकलताना ती मनात बोलत होती, खणातले असतील, खणातलेच असतील. दाराजवळ आल्यावर फेब्रुवारीचा वारा आत घुसला आणि तिच्या दाढेच्या खड्ड्यात कळ गेली.

निरीक्षक ऑर्विल टेट हा साठीचा उंच माणूस होता. त्याला कशाचीच घाई नसे. त्याच्या पायाशी आग विझवायचं लाल नळकांडं होतं. मागच्या वर्षी रांग रिकामी करणारा हाच. त्याने मार्लिसला ओळखलं आणि टोपीला बोट लावलं.

हेलेनने दारांवरच्या पट्ट्या काढल्या. "सात नंबर, स्टकी. तुमची दहा मिनिटं सुरू."

ब्रेना आत बसली. डबने डिकी उघडली. ऑर्विलने केबलच्या टोकावरची टेप सोडवली आणि प्रत्येक गाडीला विचारलेला प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला, "गाडी शेवटची चालवली त्यानंतर वायरिंगच्या आसपास काही काम झालंय? काही उघडलंय, बसवलंय?"

"नाही," ब्रेना म्हणाली. आपण चुकीचं काही बोलतोय असं तिला वाटलंच नाही. चामड्याचं पॅनल हे वायरिंगचं काम आहे हे तिच्या मनातच आलं नाही. तिची नजर समोर होती आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर.

ऑर्विल केबल घेऊन डिकीत वाकला.

मार्लिसला दिसत होती ती फक्त मुलीची मान. कापून खाली आणलेल्या छपराखाली, अरुंद काचेतून. त्या गाडीचं दार आतून जरा अडखळायचं. जोर लावून वर उचलावं लागायचं, मगच उघडायचं.

"झालंय," मार्लिस म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. बाहेर सहावी गाडी अजून गुरगुरत होती.

"ऑर्विल, काम झालंय. मी केलंय. केबल लावू नका."

ऑर्विलचा हात थांबला. त्याने केबलचं टोक परत टेपमध्ये घातलं आणि सरळ उभा राहिला. डबने डोळे मिटून घेतले. दोरीमागच्या गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "ही मागच्या वर्षीचीच ना?" आणि दोघंतिघं हसले.

ब्रेना गाडीतून उतरली. ती आईकडे आली नाही, दाराला धरून उभी राहिली. "काय केलंयस तू?"

"उजव्या पॅनलला लांब स्क्रू लागले असतील."

"असतील?"

"अर्धा इंचीचं पाकीट फोडलेलंच नाही. हे बघ. खणातले सुटे लावले असतील तर ठीक आहे. पण मला आठवत नाही."

"तुला तोंडात धरल्यावर कळतं. सगळं जग सांगतं, मार्लिसला तोंडात धरल्यावर कळतं."

"त्या दिवशी कळत नव्हतं. माझी दाढ काढली होती सकाळी. तोंड बधिर होतं."

घड्याळवाला म्हणाला, "आठ मिनिटं."

"ऑर्विल," ब्रेना वळून म्हणाली, "माझ्या जबाबदारीवर जोडा. ती अशीच करते. तुम्हाला माहीत आहे ती कशी करते."

"माहीत आहे," ऑर्विल म्हणाला. "पण पोरी, मी प्रश्न विचारला आणि मला उत्तर मिळालं. आता पॅनल उघडून बघितल्याशिवाय मी केबल लावणार नाही. खोटं निघालं तर मी स्वतः हेलेनला वेळ वाढवून मागेन. ती देणार नाही, पण मागेन."

"देता येत नाही," हेलेन म्हणाली. तिने मान खाली घातली.

मार्लिसने एप्रनमधून स्क्रू ड्रायव्हर काढला होताच. ती पुढे झाली तेव्हा ब्रेनाने तो तिच्या हातातून घेतला, ओढून नाही, पण घेतला. मग उजव्या दारातून आत डोकं घालून गुडघ्यांवर बसली. मार्लिसला तिच्या बुटांचे तळ तेवढे दिसत होते.

पहिला स्क्रू निघाला. ब्रेनाने तो न बघता मागे धरला, ऑर्विलने तळहातावर घेतला. एक इंची.

बरोबर ठरल्याचं समाधान कुठे असतं म्हणतात, ते तिला सापडलं नाही.

दुसरा एक इंची. तिसरा एक इंची. चौथा फिरेना. ब्रेनाने दोन्ही हातांनी जोर लावला, आतून कशाने तरी धरून ठेवल्यासारखा तो कुरकुरत आला. त्याच्या टोकाला काळ्या रबराची एक बारीक वळी चिकटली होती.

"पाच मिनिटं."

पॅनल निघालं. ऑर्विलने टॉर्च घेऊन आत डोकावलं, बराच वेळ. मग त्याने ब्रेनाला टॉर्च दिला आणि बाजूला झाला. केबलच्या कुशीत स्क्रूने तिरपं भोक पाडलं होतं. तांबं दिसत नव्हतं. तांब्यावर कागदाइतकं रबर उरलं होतं.

"म्हणजे आग लागली नसती," डब म्हणाला. "आज चालू झाली असती."

"आज झाली असती," ऑर्विल म्हणाला. "मग हादरे बसले असते. महिनाभर, दोन महिने. कुठल्यातरी रस्त्यावर, दारं बंद असताना." त्याने चौथा स्क्रू बोटांत फिरवला. "किंवा नसतंही काही झालं. मी काय सांगू?"

"तीन मिनिटं," घड्याळवाला म्हणाला, आणि यावेळी जरा हळू.

ब्रेनाने टेप मागितली. भोकावर तिने पाच वेढे घेतले, केबल क्लिपमधून सोडवून पत्र्यापासून लांब बांधली, ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. तिचे हात भरभर चालत होते आणि एकदाही चुकले नाहीत. ती बाहेर आली तेव्हा कपाळाला ग्रीस लागलं होतं. "जोडा," ती ऑर्विलला म्हणाली.

ऑर्विलने केबल हातात घेतली, आणि त्याच वेळी घड्याळवाला म्हणाला, "वेळ संपली."

हेलेनने कागदावर रेघ मारली. मग रेघेकडे बघत म्हणाली, "ब्रेना, मला हे करावं लागतंय."

"माहीत आहे."

"आतल्या कामाचे गुण सगळ्यांत जास्त तुमचे होते. हे मी सांगायला नको होतं."

"मग सांगायचं नव्हतंस ना हेलेन," डब म्हणाला.

गाडी परत ढकलत न्यावी लागली. रांगेतून जाताना एका टोपीवाल्याने तोंड फिरवून, पण ऐकू जाईल असं म्हटलं, "ट्रेलरची राणी. ढकलत आली, ढकलत गेली." ब्रेनाने मान वर केली नाही. डब मात्र थांबला. "तुझी गाडी गेल्या वर्षी कुठे पेटली होती रे, टोलनाक्यावर ना?" टोपीवाला आपल्या गाडीकडे वळला. मार्लिस मागच्या फेंडरला हात लावून चालत राहिली. आठवी गाडी चालू झाली, नववी चालू झाली. टाळ्या पडत राहिल्या.

*

पुढचे तीन तास ब्रेना लोकांशी बोलली. छप्पर किती कापलं, रंगाचे थर किती, पत्रा कुठून आणला, सगळ्यांना नीट उत्तरं दिली. उजवं पॅनल तिने परत लावलं नाही, उघडी केबल दिसत होती. एका मुलीने विचारलं, "हे असं उघडं का?" ब्रेना म्हणाली, "काम चालू आहे." आईशी ती बोलली नाही. मार्लिस खुर्चीत बसून होती. डबने तिच्यासमोर कॉफीचा कप आणून ठेवला आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. कॉफी थंड होत गेली.

मार्लिसच्या मनात एकच हिशेब चालला होता. मंगळवारी ती घरी जाऊन पडून राहिली असती तर? मुलीला म्हणाली असती, आज नाही होणार, तर? पॅनलशिवाय गाडी आणावी लागली असती, दोन गुण गेले असते, पण ती दाराशी गुरगुरली असती. आयुष्यभर ती मुलीला बाहेरच्या जगापासून वाचवायला बघत आली. रस्त्यापासून, बर्फापासून, पेट्रोलपासून. आणि धोका तर तिच्याच तोंडातून गेला होता.

साडेसहाला हॉल रिकामा होऊ लागला. दिवे अर्धे विझले. ब्रेनाने दोरी गुंडाळली, कापड झटकून गाडीवर पसरलं आणि अर्ध्यातच हात थांबवले.

"मॉम."

"हं."

"दाढ काढली होती हे मला का नाही सांगितलंस?"

मार्लिसने विचार केला. बरीच उत्तरं होती. "तू काळजी केली असतीस," ती म्हणाली.

ब्रेनाच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्यासारखा, पण तिथपर्यंत न पोचलेला. ती गाडीच्या फुटबोर्डवर टेकली. सहा वर्षांत तिने त्यावर कोणाला बसू दिलं नव्हतं.

"मी ऑर्विलला म्हटलं ना, ती अशीच करते."

"मी करतेच तशी."

"हो. करतेस." ब्रेना नखाखालचं ग्रीस काढत होती. "मला तुझा राग आलाय. अजून दोन-चार दिवस येत राहील. तो आहे तोवर मला समजवायला येऊ नकोस. जेवायला वगैरे बोलावू नकोस."

"नाही बोलावणार."

"आणि खरं सांग. डाव्या पॅनलला काय लावलंयस?"

"तेच असणार."

"दारांना?"

"दारं मी सोमवारी केली. तेव्हा दाढ होती. दारं ठीक आहेत." मार्लिस थांबली. "छपराच्या आतल्या पट्टीचं मात्र मला सांगता येत नाही. ती मंगळवारी केली की बुधवारी, ते आठवत नाही. बुधवारपर्यंत तोंड ताळ्यावर आलं होतं, पण नक्की नाही."

"छपरातून दिव्याची वायर जाते."

"म्हणून तर सांगतेय."

ब्रेनाने गाडीकडे बघितलं, कापडाखालून निघालेल्या हिरव्या नाकाकडे. उद्या दिवसभर ती इथेच उभी राहणार होती, चालू न झालेली, आणि लोक येऊन विचारणार होते.

"मग सोमवारी सगळं उघडायचं," ती म्हणाली. "एकेक स्क्रू. तू काढायचा, मी मोजायचा."

"सोमवारी तुझा राग गेलेला नसेल."

"नसेल. रागातच ये. आठ वाजता ये." ब्रेना उठली आणि तिने कापडाचं एक टोक आईकडे फेकलं. "तिकडून धर. खाली लागू देऊ नकोस, फरशीला तेल आहे."

मार्लिसने टोक धरलं.